नातेगावचे चिंतामणराव

आपल्या घरच्या सातबाऱ्यावर ‘आकार’ असा एक रकाना असतो. जमिनीचा सारा तेथे रुपये-पैशांत लिहिलेला असतो. लहानपणी तो उतारा पाहताना मला नेहमी वाटे, हा आकडा ठरविला कोणी? आणि तो चुकीचा असेल तर गाऱ्हाणे ऐकणार कोण?

कराच्या बाबतीत न्यायाचा खरा प्रश्न हाच आहे. कर बसविणारा अधिकारी आणि त्याविरुद्धची तक्रार ऐकणारा न्यायाधीश हे एकच असू नयेत, म्हणून आपल्या देशात 25 जानेवारी 1941 रोजी आयकर अपील न्यायाधिकरण स्थापन झाले. तेथे सामान्यतः एक कायदेपंडित व एक हिशेबतज्ज्ञ असे दोघे मिळून निवाडा करतात. अशा खुर्चीवर बसलेला आपल्या किनाऱ्यावरचा कोणी मला सांगता येणार नाही. परंतु करही ठरविला आणि न्यायाचाही आग्रह धरला, असा एक पुरुष मात्र आपल्याच जिल्ह्याने दिला. ते चिंतामणराव देशमुख.

14 जानेवारी 1896 रोजी महाडजवळच्या नाते गावी त्यांचा जन्म झाला. वडील द्वारकानाथ रोह्यास वकिली करीत. 1912 च्या मॅट्रिक परीक्षेत चिंतामणराव पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिजला जाऊन 1918 मध्ये ते आय. सी. एस. परीक्षेतही पहिले आले. मध्यप्रांतात नोकरी करताना त्यांनी सेटलमेंट ऑफिसरचेही काम पाहिले. हे काम म्हणजे जमिनीचा कस व पीक पाहावयाचे, सारा ठरवावयाचा आणि रयतेच्या हरकती ऐकावयाच्या. एकदा ठरलेला सारा वीस-तीस वर्षे चाले. तेव्हा ऐकण्यात कसूर झाली, तर एका पिढीला तिचा भार वाहावा लागे.

1943 मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, 1950 मध्ये अर्थमंत्री. 1952 च्या निवडणुकीत आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याने त्यांना लोकसभेत पाठविले. 1953 मध्ये त्यांच्याच कारकीर्दीत मृत्युकराचा कायदा झाला (तो कर 1985 मध्ये रद्द झाला), आणि त्याच वर्षी डॉ. जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखाली कर-चौकशी आयोग नेमला गेला. केंद्र, राज्ये व स्थानिक संस्था या सर्वांचे कर त्याने तपासले. कराचा बोजा कोणावर किती पडतो, हे आधी विचारावे, ही त्यामागची दृष्टी.

भगिनींनो, या माणसाची खरी कसोटी पुढे लागली. मुंबई महाराष्ट्राला न देण्याचा निर्णय झाला, मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. त्या गोळीबारांची न्यायालयीन चौकशी व्हावी, अशी चिंतामणरावांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता निर्णय होतात, हेही त्यांना पटले नाही. 1956 च्या जुलैत त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि लोकसभेत उभे राहून त्याची कारणे स्पष्ट शब्दांत सांगितली. ज्याच्या हाती साऱ्या देशाची तिजोरी होती, त्याने ‘आमच्या लोकांचे ऐकले गेले नाही’ एवढ्यासाठी किल्ल्या खाली ठेवल्या. मला त्यांच्या सर्व पदांहून हा राजीनामा मोठा वाटतो.

त्यांच्या पत्नी दुर्गाबाई याही वकील व घटना समितीच्या सदस्य. 1953 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. त्या मंडळाच्या अनुदानावर देशातल्या कितीतरी महिला संस्था उभ्या राहिल्या. तेव्हा या घराचे ऋण आपल्यासारख्या मंडळांवरही आहे. 2 ऑक्टोबर 1982 रोजी चिंतामणराव निवर्तले.

आपल्या मंडळाची वर्गणीही एक लहानसा करच आहे. ती वाढविण्याचा विषय सभेपुढे येतो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या चटकन हात वर करतात. मागे भिंतीला टेकून बसलेली एखादी काहीच बोलत नाही. तिला आधी विचारावे. नात्याच्या या सुपुत्राकडून आपण एवढे घेतले तरी पुष्कळ झाले.