अल्फा लहरीच्या मागावर

1890च्या दशकाची सुरुवात. जर्मनीतल्या वुर्झबुर्गमध्ये तोफखान्याची कवायत चालली आहे आणि तुम्ही कडेला उभे आहात. एक घोडा अचानक बिथरतो, तरुण स्वार खाली कोसळतो, तोही नेमका तोफगाड्याच्या वाटेत. गाडा ऐन वेळी थांबतो. त्याच संध्याकाळी त्या तरुणाला वडिलांची तार येते. घरी असलेल्या थोरल्या बहिणीला भाऊ संकटात असल्याचं एकाएकी जाणवलं होतं आणि तिनेच वडिलांना तार करायला लावलं होतं. या तरुणाचं नाव हान्स बर्गर. दोन मनांमधलं अंतर असं कसं मिटतं, या प्रश्नाने झपाटून तो मेंदूच्या अभ्यासाकडे वळतो.

आता 1924, येना. बर्गर डॉक्टर झाला आहे. कवटीवर शस्त्रक्रिया झालेल्या 17 वर्षांच्या मुलाच्या डोक्याला तारा जोडल्या आहेत. त्या मेंदूतली अतिशय क्षीण वीज गॅल्व्हानोमीटर टिपतो. माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख तुमच्या डोळ्यांसमोर उमटतो आहे. तो जगापुढे यायला 1929 उजाडेल. शांत बसून डोळे मिटले की सेकंदाला सुमारे दहा लहरी येतात, डोळे उघडले की त्या विरतात. याच त्या अल्फा लहरी. बहिणीच्या मनाचा धागा बर्गरला सापडला नाही, पण ईईजी, म्हणजे मेंदूचा हा विद्युत आलेख, सापडला, आणि आज फेफऱ्याच्या निदानासाठी डॉक्टर त्याच्याकडेच वळतात.

1965, फिलाडेल्फिया. जेफरसन मेडिकल कॉलेजात थॉमस डुएन आणि थॉमस बेहरेंट हेच यंत्र घेऊन बर्गरचा जुना प्रश्न पुन्हा विचारत आहेत. या वेळी तुम्ही एकसारख्या जुळ्यांपैकी एक आहात. तुमच्या डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवले आहेत, खोलीत उजेड आहे, डोळे उघडेच ठेवायचे आहेत. सहा मीटरवरच्या दुसऱ्या खोलीत तुमच्या भावंडाला डोळे मिटायला सांगतात. त्याच्या आलेखावर अल्फा लहरी उठतात. तुमच्याही उठतील का?

तपासलेल्या 15 जोड्यांपैकी दोन जोड्यांत तसं घडल्याचं दोघे ‘सायन्स’ या नियतकालिकात छापतात. खळबळ उडते आणि पाठोपाठ आक्षेपही येतात. ते समजून घ्यायचे तर स्वतःच्या आलेखाची पट्टी हातात धरा. डोळे उघडे असतानाही, लक्ष जरा सैल पडलं की अल्फा लहर आपसूक येते. मग दोन पट्ट्यांवर ती एकाच वेळी दिसणं निव्वळ योगायोगाने किती वेळा घडेल? लेखात हा हिशेबच नाही. आणि उरलेल्या 13 जोड्यांचं काय?

आणखी एक उडी: 1993, ब्रिटन. मानसशास्त्रज्ञ सुसान ब्लॅकमोर जुळ्यांची आणि साध्या भावंडांची तुलना करत आहेत. तुम्ही मनात एक आकडा धरता, दुसऱ्या खोलीतलं भावंड तो ओळखतं. आकडा तुम्हीच निवडला, तर जुळ्यांचे आकडे साध्या भावंडांपेक्षा अधिक जुळतात. पण तोच आकडा चिठ्ठी टाकावी तसा यदृच्छेने ठरवला, की जुळ्यांची आघाडी संपते. म्हणजे विचार एका डोक्यातून दुसऱ्यात गेलाच नव्हता. दोन्ही डोक्यांत तो आपापला उगवला होता.

मला हा निष्कर्ष निराश करत नाही. एकाच बीजातून वाढलेली, एकाच घरात घडलेली दोन माणसं न बोलता एकाच उत्तरापाशी पोचतात, हे नवल पुरेसं मोठं आहे. बर्गरच्या बहिणीची ती संध्याकाळ पुन्हा घडवता येत नाही, म्हणून ती तपासताही येत नाही. दावा मात्र तपासता येतो, आणि तपासायलाच हवा. वेळ आणि आकडा चिठ्ठीने ठरवावा, आलेख वाचणाऱ्याला कोणत्या क्षणी काय केलं हे ठाऊक नसावं, आणि न जुळलेल्या जोड्याही जुळलेल्यांइतक्याच ठळक छापाव्यात. जुळ्यांच्या नात्यावर खरं प्रेम असणाऱ्याने एवढा आग्रह धरलाच पाहिजे.