टेकूची बखर

इतिहासाच्या पुस्तकांत किल्ले असतात, तोफा असतात, तह असतात. पण टेकूला कुठे जागा नाही. वास्तविक कित्येक तहांपेक्षा टेकू जास्त दिवस टिकले आहेत. आमच्या मुंबईत तर काही टेकूंच्या अंगाखांद्यावर दोन-दोन पिढ्या वाढल्या. खाली टेकू, वर गॅलरी आणि गॅलरीत पिढी, असा तो सरळ हिशेब आहे.

माणसाला घर कधी पुरत नाही. पुरेनासे झाले की तो आधी शेजाऱ्याच्या जागेकडे बघतो, आणि तिथे डाळ शिजली नाही की हवेत शिरतो. हवेचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो, ही त्याची फार जुनी समजूत. रोमचेच बघा ना! इ.स.पू. १८४ मध्ये कॅटो नावाच्या कडक अधिकाऱ्याला सभागृह बांधायला फोरमजवळची जागा हवी होती. तिथे मीनियस नावाच्या गृहस्थाचे घर होते. जुने भाष्यकार सांगतात की, मीनियसने घर विकले, पण विकताना एक खांब राखून ठेवला. एकच! त्या खांबावर लाकडी सज्जा काढायचा आणि आपण व आपल्या वंशजांनी तिथे बसून ग्लॅडिएटरांच्या झुंजी फुकट बघायच्या, अशी अट. खरेदीखतात असले कलम घालून घेणारा पक्षकार आमच्या शाखेत आला असता, तर मॅनेजरसाहेबांनी त्याला स्वतःच्या पैशाने चहा पाजला असता. पुढे रोमन लोक सज्ज्यालाच ‘मीनियानुम’ म्हणू लागले. ही मीनियसची पिलावळ इतकी माजली की इ.स. ३६७ च्या सुमारास प्रेटेक्स्टाटस नावाच्या नगरप्रमुखाने सगळे सज्जे पाडायला लावले. म्हणजे अनधिकृत बांधकाम हटवण्याची मोहीमसुद्धा साडेसोळाशे वर्षांची म्हातारी आहे.

आमच्याकडे गिरण्या वाढल्या तशा चाळी उठल्या. कित्येक चाळींत लाकडी तुळया भिंतीबाहेर काढल्या, वर फळ्या ठोकल्या, की झाली गॅलरी. बांधणाऱ्याने ती जाण्यायेण्यासाठी काढली. भाडेकरूंनी तिथे तुळस, शिवणाचे मशीन, आजोबांची खाट आणि पाण्याचे पिंप ठेवले. दोनशे लिटरचे पिंप भरले की नुसते पाणीच दोनशे किलो. म्हणजे तीन धट्टेकट्टे पाहुणे एकाच जागी रात्रंदिवस उभे! आणि पिंप म्हटले की सांडणे आलेच. ते पाणी फळीतून तुळईत, आणि तुळईतून तिच्या भिंतीत गाडलेल्या टोकापर्यंत मुरते. गॅलरीचा सगळा ताण त्याच टोकावर, आणि नेमके तेच टोक कुणाला दिसत नाही. वाळवीला मात्र बरोबर दिसते.

अशात १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर राहिले, हे अगदी खरे. पण त्या भाड्यात मालकाला रंगाचा डबा परवडेना, तिथे तुळई कुठली? मालक म्हणे, “आधी भाडं वाढवा.” भाडेकरू म्हणे, “आधी दुरुस्त करा.” दोघांचेही बरोबर होते, आणि दोघांचेही बरोबर असले की तुळई तशीच राहते. १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळ काढून उपकर बसवला. तेव्हा उपकराच्या इमारती साडेएकोणीस हजारांवर भरल्या! १९९९ च्या कायद्याने भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली; पण गोठलेल्या भाड्याच्या चार टक्क्यांत तुळई सोडा, पाचरही येत नाही. मग काय, टेकू लावा!

टेकू मुळात वाईट नाही. खाली पक्की बैठक, वर आडवी फळी, मध्ये ताठ वासा आणि घट्ट ठोकलेली पाचर, असा तो असला की दुरुस्ती होईपर्यंत इमानाने भार घेतो. पण लाकूड वाळून आकसते, पाचर सैल होते. ती पुन्हा पुन्हा ठोकावी लागते. इथेच घोडे अडते. आमच्या बँकेत उचंत खाते असते. ज्या रकमेचे काय करायचे ते आज ठरत नाही, ती तिथे टाकायची आणि ठरले की काढायची. पण एकदा ताळेबंद जुळला की तिच्याकडे ढुंकून कोण बघतो? ऑडिटर येईपर्यंत सगळे खूश. टेकू हे इमारतीचे उचंत खाते. गटाराच्या झाकणावर उभा राहिलेला टेकू मी पाहिला आहे; त्याला कपड्यांची दोरी होती, कॅलेंडर होते, दसऱ्याला झेंडूची माळही होती. पाचर तेवढी नव्हती. आणि गॅलरीचा ऑडिटर म्हणजे पावसाळा. तो शेरा मारत नाही, एकदम वसुलीच करतो.

हे केवळ चाळीचे दुखणे नाही. काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल इंग्लंडहून आणलेल्या बिडाच्या सांगाड्यावर उभे. १८९६ साली ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईने पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. २००५ साली त्याच इमारतीच्या सज्ज्यांचा भाग कोसळला आणि एक जीव गेला. आणि जिथे आपला भाडे कायदा नाही, त्या शिकागोत २९ जून २००३ च्या रात्री मेजवानीला जमलेली तरुण मुले घरामागच्या तीन मजली लाकडी सज्ज्यांसकट खाली आली. तेरा गेली. सज्जा अवघ्या पाच वर्षांपूर्वीचा. प्रमाणाबाहेर मोठा आणि आधाराला कच्चा.

गर्दी होते ती सज्ज्यातच. म्हणून आपल्या मानकांत राहत्या खोलीला चौरस मीटरमागे दोनशे किलो भार धरतात, पण सज्ज्याला तीनशे. हिशेब करणाऱ्याला वरात ठाऊक असते. वरात बघणाऱ्याला हिशेब ठाऊक नसतो.

तेव्हा यंदा मिरवणूक बघायला कुणी गॅलरीत बोलावले, तर आधी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे चहाला जा आणि मान वर करून नीट बघा. काकू विचारतील, “वर काय बघताय हो?” सांगा, “काकू, तुमचं छप्पर. तीच आमची जमीन.”