तेलताडाचा सोंड्या आणि मळ्यातले हात

वनस्पतिशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाने झाडांच्या फलधारणेवर बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु झाडाला फळ धरण्यासाठी जे काम व्हावे लागते ते कोणीतरी करीत असते. आणि काम म्हटले की ते कोण करतो आणि त्याला काय मिळते, हे प्रश्न आलेच. तेलताडाच्या इतिहासात ते फार स्पष्ट दिसतात.

२०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत जो शिधा वाटला, त्यात रवा, हरभराडाळ व साखर यांबरोबर पामतेलही होते. या तेलाचे झाड मूळचे पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या उष्ण, दमट रानातले. १८४८ साली डचांनी त्याची चार रोपे जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पती-उद्यानात लावली. त्यांच्याच वंशातून १९११ पासून सुमात्रात मळे उभे राहिले आणि १९१७ साली मलायात, सेलांगोरमधील तेन्नामारम मळ्यात, व्यापारी लागवड सुरू झाली. झाड समुद्र ओलांडून आले. त्याच्या फुलावर राबणारा किडा मात्र आफ्रिकेतच राहिला.

या झाडाची तऱ्हा अशी, की नर फुलोरे व मादी फुलोरे एकाच झाडावर येतात, पण पाळीपाळीने. काही महिने नर, काही महिने मादी. त्यामुळे पराग बहुधा शेजारच्या झाडावरून यावा लागतो, आणि मादी फुलोरा तो स्वीकारण्यास जेमतेम दोन-तीन दिवस तयार असतो. हे काम वारा करतो, असे तेव्हाच्या जाणकारांचे मत होते. पण काटेरी देठांच्या बेचक्यात दडलेल्या फुलोऱ्यात वारा शिरणार किती? मलेशियात, विशेषतः सबाह भागात, घड अर्धेमुर्धेच भरत.

तेव्हा मळेवाल्यांनी तेथे माणसे लावली. नर फुलोरा पिशवीत झटकून पराग गोळा करावा, वाळवावा, शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळावा आणि फुंकणीने एकेका मादी फुलोऱ्यावर उडवावा. दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा तीच फेरी. मलायातील मळ्यांवर तमिळ मजुरांच्या पिढ्या राबल्या होत्या. आधी रबरावर, मग या ताडावर. १९५४ साली स्थापन झालेल्या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे नेतृत्व पी. पी. नारायणन यांनी केले. निसर्गात जे काम किडा फुकट करतो, ते येथे रोजंदारीने होत होते.

लेस्ली डेव्हिडसन या मळेव्यवस्थापकाने कॅमेरूनमध्ये नोकरी केलेली होती. तेथे माणसाने हात न लावता घड भरतात आणि फुलोऱ्यांवर किड्यांची झुंबड उडते, हे त्याने पाहिले होते. आरंभी त्याचे कोणी ऐकले नाही. पुढे अधिकार हाती आल्यावर त्याने रहमान सय्यद या पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञाकडे हा शोध सोपविला. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सय्यद यांनी कॅमेरूनमध्ये दाखवून दिले, की खरा कामकरी वारा नसून सोंड्या आहे. आपल्या धान्यातल्या सोंड्याचाच भाऊबंद, तीन-चार मिलिमीटर लांबीचा. नर फुलोऱ्याला बडीशेपेसारखा वास येतो. सोंड्या तेथेच खातो, तेथेच अंडी घालतो आणि अळ्या कोमेजलेल्या नरफुलांवर पोसतात. मादी फुलोराही तोच वास थोडा सोडतो. त्याला भुलून अंगभर पराग घेऊन किडा तेथे जातो, काही न मिळता परततो. पण जाताना झाडाचे काम करून जातो.

इतर पिकांना तो अपाय करीत नाही, याची परीक्षा घेऊन १९८१ च्या फेब्रुवारीत जोहोरमधील एका मळ्यात सोंडे सोडले गेले. थोड्याच काळात ते सर्वत्र पसरले. मलेशियाचे पामतेलाचे उत्पादन १९८० साली सुमारे २५ लाख टन होते. १९८२ साली ते ३५ लाखांच्या घरात गेले. त्यात नव्या लागवडीचाही वाटा होता, हे खरे. तथापि घड भरू लागले ते किड्यामुळेच. १९८५ साली हा किडा केरळातही आणला गेला.

आता हिशेब पाहू. परागसिंचनाची मजुरी मळ्यांच्या खर्चातून उडाली. म्हणजेच ते काम मजुरांच्या हातून गेले. घड वजनदार झाले, म्हणजे ते तोडून वाहणाऱ्याचे ओझेही वाढले. मजुरी नगावर असेल, तर जादा वजन तो फुकट वाहतो. म्हणून दर वजनावर मागावा, हे कोणताही कामगार कार्यकर्ता सांगेल. याचा अर्थ किडा आणू नये असा नव्हे. काट्यांतून फुंकणी घेऊन फिरण्याचे काम माणसाच्या वाट्याचे नव्हते, ते सुटले हे बरेच झाले. पण शोधाने वाचलेला पैसा आपोआप मजुराच्या घरी पोहोचत नाही. सय्यद यांनी झाडाचे कोडे सोडविले. वाटपाचे कोडे प्रयोगशाळेत सुटत नसते. त्यासाठी संघटनाच लागते.