पांढऱ्या बुरशीची ओळख

तान्ह्या मुलाच्या जिभेवर व गालांच्या आंतल्या बाजूस कधीं कधीं पांढरा थर दिसतो. घरांतील वडील माणसें तो दुधाचा समजून सोडून देतात, आणि पुष्कळदां तें खरेंहि असतें. परंतु दुधाचा थर ओल्या फडक्यानें सहज पुसला जातो. हा दुसरा थर सहजासहजीं निघत नाहीं, आणि बळेंच काढल्यास खालीं लाल, दुखरी त्वचा उघडी पडते. या लहानशा भेदाचें कारण उमगावयास मनुष्यजातीस दोन हजारांहून अधिक वर्षें लागलीं.

ग्रीक वैद्य हिपोक्रेटस याच्या नांवावर चालत आलेल्या ग्रंथांत अशक्त रोग्यांच्या तोंडांत होणाऱ्या अशा विकाराचा उल्लेख आहे. पुढें कित्येक शतकें वैद्यांचा समज असाच होता कीं, हा विकार शरीरांतील बिघाडांतून आपोआप उपजतो. सन १८३९ मध्यें जर्मन शस्त्रवैद्य लांगेनबेक यांस एका ज्वरग्रस्त रोग्याच्या घशांतील थरांत सूक्ष्मदर्शकाखालीं बुरशी आढळली. परंतु त्यांनीं तिचा संबंध त्या ज्वराशींच जोडला. खूण सांपडली, पण ओळख चुकली! लवकरच स्वीडनमध्यें बेर्ग यांनीं व पॅरिसमध्यें ग्रुबी यांनीं मुलांच्या तोंडांतील थर तपासून तो बुरशीचाच असल्याचें सांगितलें. स्टॉकहोम येथील अनाथ बालकांच्या आश्रमांत काम करणाऱ्या बेर्ग यांनीं १८४६ च्या आपल्या ग्रंथांत अस्वच्छता आणि अनेक मुलांस एकाच बाटलीनें दूध पाजणें यांकडे बोट दाखविलें. १८४९ सालीं इंग्लंडांतील विल्किन्सन यांनीं स्त्रियांच्या योनिमार्गांतील स्रावांतहि अशीच बुरशी असल्याचें नमूद केलें.

ही बुरशी म्हणजे पाव फुगविणाऱ्या यीस्टच्याच जातकुळींतील एक सूक्ष्म जीव होय. तिचीं नांवें अनेकदां बदललीं. अखेरीस १९२३ सालीं हॉलंडमधील संशोधिका क्रिस्टिन बेर्खाउट यांनीं तिच्या वर्गास ‘कँडिडा’ हें नांव दिलें. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ शुभ्र. आणि तिच्या मुख्य जातीस ‘अल्बिकन्स’, म्हणजे पांढरी होत जाणारी, असें म्हणतात. पांढरेपणाची अशी दुहेरी साक्ष तिच्या नांवांतच आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडांत व आंतड्यांत मुकाट्यानें नांदत असते. तेथील जंतूंचा समतोल ढळला अथवा शरीराची प्रतिकारशक्ति उणावली, म्हणजे ती माजते. म्हणूनच अगदीं तान्हीं मुलें, वृद्ध, कवळी वापरणारीं माणसें, मधुमेही व गरोदर स्त्रिया यांस तिचा उपद्रव अधिक होतो.

जुन्या काळीं टांकणखार मधांत कालवून तोंडास लावीत. विलायतेंतील औषधकोशांतहि असें मिश्रण होतें. आज तान्ह्या मुलांस या दोन्ही वस्तु वर्ज्य मानिल्या जातात. नंतर जेन्शियन व्हायोलेटचा जांभळा लेप आला. तो उपयोगी होता, पण शरीराच्या आंत पसरलेल्या रोगास त्याचा इलाज नव्हता. तशांत १९४० नंतर पेनिसिलिन व त्यामागून इतर प्रतिजैविकें आलीं. त्यांनीं असंख्य प्राण वांचविले. परंतु जंतु मरत आणि बुरशीस मोकळें रान मिळे. न्युमोनियांतून उठलेला रोगी या नव्या दुखण्यानें बेजार होऊं लागला.

बुरशीस मारावें, पण रोग्यास अपाय होऊं नये, हेंच मोठें कोडें होतें. कारण बुरशीची पेशी जंतूपेक्षां मनुष्याच्या पेशीस अधिक जवळची आहे. हें कोडें सोडविण्याचा मान न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्यांतील दोन स्त्रियांकडे जातो. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरांत मातीचे नमुने तपासीत, आणि ज्यांत बुरशीस मारक जीव आढळे ते कांचेच्या बरणींतून टपालानें आल्बनीस पाठवीत. तेथें रसायनशास्त्रज्ञ रेचल ब्राऊन त्यांतील द्रव्य वेगळें काढून टपालानेंच परत धाडीत. बहुतेक द्रव्यें प्रयोगाच्या प्राण्यांसहि विषारी ठरत. अखेर व्हर्जिनियांतील एका स्नेह्यांच्या शेतांतील मातींत हवा तो जीव मिळाला. १९५० सालीं हा शोध जाहीर झाला आणि न्यूयॉर्क स्टेटच्या आद्याक्षरांवरून औषधास ‘निस्टाटिन’ हें नांव मिळालें. बुरशीच्या आवरणांतील एका द्रव्यास तें चिकटतें. आवरण गळकें होतें व बुरशी मरते. तें आंतड्यांतून रक्तांत जवळजवळ शोषलें जात नाहीं. म्हणून तोंड, आंतडें, त्वचा व योनिमार्ग यांच्यापुरताच त्याचा उपयोग. १९६६ च्या महापुरानंतर फ्लॉरेन्समधील भिजलेल्या चित्रांची बुरशी रोखण्यासहि तें कामीं आलें! स्वामित्वशुल्काचे एक कोट तीस लाखांहून अधिक डॉलर मिळाले. पण त्या दोघींनीं त्यांतील एक पैहि स्वतःकडे न ठेवितां सर्व रक्कम शास्त्रीय संशोधनास दिली.

महाराष्ट्राच्या मातीचाहि यांत वांटा आहे. पुण्याजवळील पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेंत तिरुमलाचार यांनीं ‘हॅमायसिन’ हें बुरशीनाशक शोधिलें. तें निर्माण करणाऱ्या जीवाच्या शास्त्रीय नांवांत पिंपरीचें नांव गुंफलें आहे.

पुढें क्लोट्रिमाझोल व फ्लुकोनाझोल यांसारखीं औषधें आलीं आणि उपचार सोपा झाला. तथापि लढा संपलेला नाहीं. २००९ सालीं जपानमध्यें एका स्त्रीच्या कानांत सांपडलेली ‘कँडिडा ऑरिस’ ही जात अनेक औषधांस दाद देत नाहीं. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें धोकादायक बुरशींची यादी केली, तींत ही जात व जुनी अल्बिकन्स या दोहोंस सर्वांत वरच्या गटांत घातलें आहे.

म्हणून औषधाइतकेंच महत्त्व ओळखीस आहे. दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव व खाज हीं या विकाराचीं लक्षणें खरीं. परंतु अंगावरून जाणारें प्रत्येक पांढरें पाणी बुरशीचें नसतें, आणि लाजेनें दुखणें लपवून ऐकीव मलम लावल्यानें निराळाच रोग आंत बळावूं शकतो. विकार पुनःपुन्हां उद्भवल्यास रक्तांतील साखर तपासून घ्यावी. लांगेनबेक यांच्या हातीं सूक्ष्मदर्शक असूनहि ओळख चुकली. मग नुसत्या अंदाजावर घरांतल्या घरांत औषध ठरविणें कितपत शहाणपणाचें, याचा विचार प्रत्येक सुज्ञ कुटुंबानें करावा.