वेटोळ्याचा आधार

लोणावळ्याच्या पावसाची ओळख आपणांस करून द्यावयास नको. आगपेटीची काडी पेटत नाहीं, कपाटांतील पुस्तकांवर बुरशी चढते, आणि आठवडा आठवडा कपडे वाळत नाहींत. अशाच एका श्रावणांत शेजारचा एक विद्यार्थी मजकडे आला. पुठ्ठ्याच्या नळीवर बारीक तार गुंडाळून त्यानें टेस्लाचें वेटोळें तयार केलें होतें. "गुरुजी, तार नवी आहे, वेढे मोजून घेतले आहेत, पण ठिणगी हवेंत उडतच नाहीं. नळीच्या अंगावरूनच सरपटते," असें तो हिरमुसून म्हणाला.

मींही प्रथम तारेचाच दोष शोधीत बसलों. पण दोष तारेंत नव्हता; तिला आधार देणाऱ्या नळींत होता. त्या आधाराचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

इ. स. १८३१ मध्यें मायकेल फॅरडे यानें लोखंडी कडीवर तारेचीं वेटोळीं गुंडाळलीं, तेव्हां वेढ्यास वेढा लागूं नये म्हणून मध्यें सुती कापड व दोरा घातला. त्या अल्प दाबास तेवढें पुरलें. पुढें १८९१ च्या मे महिन्यांत निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथें व्याख्यान देऊन अतिशय जलद कंपनांच्या विजेचे प्रयोग दाखविले. त्याच्या यंत्रांत एक वेटोळें थोड्या वेढ्यांचें असतें, दुसरें बारीक तारेचें व पुष्कळ वेढ्यांचें. दोहोंचीं कंपनें जुळलीं, कीं वेळेवर हलके धक्के दिलेला झोका जसा उंच चढतो, तसा विजेचा दाब चढत जातो. मग वीज दुबळी जागा शोधूं लागते. ओलसर पुठ्ठा ही तशी आयती जागा होय.

हाच प्रश्न आपल्या परिसरांत फार मोठ्या प्रमाणावर सोडविला गेला आहे. जमशेटजी टाटा १९०४ साली निवर्तले. त्यांच्या कल्पनेंतील जलविद्युत् योजनेची कोनशिला १९११ साली लोणावळ्यास बसली. वळवण, शिरवटा आदि तळ्यांचें पाणी सुमारे १,७०० फूट खालीं खोपोलीस उतरलें, आणि १९१५ पासून सुमारे एक लाख व्होल्ट दाबाची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. वाटेंत कोंकणचा पाऊस! तारा लोखंडी मनोऱ्यांस थेट बांधल्या असत्या, तर वीज जमिनींत गेली असती. म्हणून त्या चिनी मातीच्या चकत्यांवर टांगल्या. अशा चकतीची खालची बाजू छत्रीखालच्या माणसाप्रमाणें पावसांतही बरीचशी कोरडी राहते.

घरगुती वेटोळ्यास चिनी मातीची नळी कोठून आणावी? ती अडचण प्लास्टिकनें दूर केली. १९०९ साली बेकलंड यानें बेकेलाइट जगापुढें मांडलें, व रेडिओचीं वेटोळीं त्यावर गुंडाळलीं जाऊं लागलीं. पुढें पी. व्ही. सी. आलें, तें ओल शोषून घेत नाहीं.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर आम्हीं ११० मिलिमीटर व्यासाची सांडपाण्याची नवी पी. व्ही. सी. नळी आणली. ती पुसून, वाळवून तिजवर रोगणाचा हात दिला. तिला भोंक पाडलें नाहीं, व तारेचें टोंक आंतून नेलें नाहीं; कारण आंतील तार म्हणजे विजेस चोरवाटच. अर्धा मिलिमीटर जाडीची तार अर्धा मीटर उंचीपर्यंत, वेढ्यास वेढा भिडवून गुंडाळली. सुमारे १,००० वेढे, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे मीटर तार! पुन्हां रोगण दिलें. जोडणीचें काम मात्र जाणत्या तंत्रज्ञासमोर केलें. कारण ठिणगीहून तिला वीज पुरविणारें रोहित्र अधिक घातक असतें. त्या सायंकाळीं वीतभर जांभळी ठिणगी हवेंत उडाली, आणि मुलाचा चेहरा उजळला.

विजेची कथा सांगतांना आपण तारा व यंत्रें आठवतों. ज्यांचीं शेतें तळ्यांखालीं गेलीं, त्यांना विसरतों. शेजारच्या मुळशी खोऱ्यांतील शेतकऱ्यांनीं १९२१ साली सेनापती बापटांसह धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तरी धरण झालेंच. मुंबईच्या दिव्यांना त्यांच्या जमिनीचाही आधार आहे, एवढें ध्यानांत ठेवावें.