डेल्टा-व्ही
अमेरिकन लेखक डॅनियल सुआरेझ यांची २०१९ साली प्रसिद्ध झालेली विज्ञान कादंबरी. अब्जाधीश उद्योजक नेथन जॉइस पाण्याखालच्या गुहा धुंडाळणाऱ्या जेम्स टायसह आठ जणांना रियुगू या लघुग्रहावर खाणकामासाठी पाठवतो. सुमारे ९०० मी. व्यासाचा हा लघुग्रह खरा आहे. जपानचे हायाबुसा-२ यान २०१८ मध्ये तेथे पोहोचले. अवकाशात इंधनाचा खर्च अंतरापेक्षा वेगात कराव्या लागणाऱ्या बदलावर, म्हणजेच ‘डेल्टा-व्ही’वर ठरतो. त्यामुळे चंद्रावर उतरण्यापेक्षा रियुगू गाठणे स्वस्त पडते, आणि हेच गणित कथानकाचा कणा आहे. किरणोत्सर्ग, फिरत्या यानातील कृत्रिम गुरुत्व, खनिजांच्या मालकीचा कायदा यांवरची पाने वाचकाने घाईने उलटू नयेत. कादंबरीची खरी ताकद तिथेच आहे. व्यक्तिचित्रे मात्र त्या मानाने सपाट. ‘क्रिटिकल मास’ हा पुढचा भाग २०२३ मध्ये आला.