फ्रेन्शॅम ग्रेट पाँड

फ्रेन्शॅम ग्रेट पाँड : इंग्लंडच्या सरे परगण्यातील गोड्या पाण्याचा प्रसिद्ध तलाव. लंडनच्या नैर्ऋत्येस, फार्नहॅम या बाजारगावाच्या दक्षिणेस सुमारे ६ किमी.वर, फार्नहॅमहून हाइंडहेडकडे जाणाऱ्या ए २८७ या रस्त्याच्या पश्चिमेस तो आहे. रस्त्याच्या पूर्वेकडील लिट्ल पाँड हा आकाराने लहान तलाव त्याचा जोडतलाव मानला जातो. दोहोंमध्ये फ्रेन्शॅम कॉमन हे सुमारे ९०० एकरांचे माळरान पसरले आहे. वाळूचा काठ, भोवतीची पाइनची झाडे आणि उन्हाळ्यात जांभळा होणारा माळ यांमुळे हा परिसर पूर्णपणे नैसर्गिक असावा असा पाहणाऱ्याचा समज होतो. तथापि तलाव आणि माळरान ही दोन्ही माणसाने घडविलेली आहेत.

स्थान व भूरचना : येथील जमीन क्रिटेशस काळातील ‘लोअर ग्रीनसँड’ या वालुकाश्मी थरांची आहे. ती रेताड, आम्लधर्मी व नापीक असल्याने शेतीस फारशी उपयोगी पडली नाही. तलावाच्या काठची पुळण या थरांच्या झिजेतूनच तयार झाली आहे. तलावातील जादा पाणी वे नदीच्या दक्षिण शाखेस मिळते. टिलफर्ड येथे या शाखेचा उत्तर शाखेशी संगम होतो आणि पुढे वेब्रिज येथे वे नदी टेम्सला मिळते. आग्नेयेस चर्ट गावाजवळ ‘डेव्हिल्स जंप्स’ या तीन टेकड्या असून त्यांच्या माथ्यावर लोहयुक्त वालुकाश्माचे टणक आच्छादन आहे. भोवतीची मऊ वाळू झिजून गेली, तरी या आच्छादनामुळे टेकड्या टिकून राहिल्या. सरे हिल्स या १९५८ साली घोषित झालेल्या संरक्षित निसर्गप्रदेशात हा भाग मोडतो. अशा प्रदेशांना २०२३ पासून ‘नॅशनल लँडस्केप’ म्हणतात.

इतिहास : दोन तलावांमधल्या किंग्ज रिज या उंचवट्यावर कांस्ययुगातील चार दफनटेकाडे आहेत. माळरानाची सुरुवातही प्रागैतिहासिक काळातच झाली. मूळचे जंगल तोडले गेले, उघड्या पडलेल्या रेताड जमिनीतील सत्त्व पावसाने वाहून गेले आणि तेथे हेदर व गॉर्स ही झुडपे माजली. पुढे गावकऱ्यांची गुरे माळावर चरत. सरपण, टर्फ (मुळांसकट कापलेले मातीचे गवताळ तुकडे) आणि नेचे यांचीही तोड होई. त्यामुळे तेथे झाडे वाढू शकली नाहीत आणि माळ माळच राहिला.

तलाव तेराव्या शतकातील आहेत. फार्नहॅमचा परिसर विंचेस्टरच्या बिशपच्या जहागिरीत होता आणि ११३८ मध्ये बिशप हेन्री ऑफ ब्ल्वा याने बांधलेल्या फार्नहॅमच्या किल्ल्यात बिशपचा दरबार वारंवार मुक्कामास असे. शुक्रवारी, ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत आणि इतर व्रतांच्या दिवशी मांस वर्ज्य असे. मासे मात्र उपवासाला चालत. समुद्रकिनारा दूर असल्याने ताजे मासे हवे असतील, तर ते जवळच वाढविणे भाग होते. त्यासाठी ओढ्यांवर मातीचे बंधारे घालून पाणी अडविण्यात आले. लिट्ल पाँड १२४६ च्या सुमारास, विल्यम रॅली हा बिशप असताना तयार झाला. ग्रेट पाँड त्याच्या आधीचा मानला जातो. विंचेस्टरच्या जहागिरीचे जमाखर्च १२०८ पासून सलग लिहिले गेले असून इंग्लंडच्या मध्ययुगीन शेतीच्या इतिहासाचे ते एक प्रमुख साधन आहे.

हे तलाव कार्प मासे पाळण्यासाठी बांधले, असा उल्लेख पर्यटकांसाठीच्या काही पुस्तिकांत आढळतो. तो ग्राह्य धरता येत नाही. कार्प इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकात आला. तेराव्या शतकात ब्रीम व पाइक हे तळ्यातले मानाचे मासे होते. गोड्या पाण्यातील मासा तेव्हा महाग असे आणि तो ताटात वाढणे हे यजमानाच्या ऐश्वर्याचे लक्षण समजले जाई. अशा मत्स्यतलावांचे पाणी ठराविक वर्षांनी सोडून देत. मोठे मासे काढून घेऊन लहान दुसरीकडे हलवीत, गाळ उपसून बंधारा दुरुस्त करीत आणि मग पुन्हा पाणी अडवीत. तलाव आठ शतके टिकला, तो या देखभालीमुळे. एरवी गाळाने भरून आणि नळगवत वाढून त्याची दलदल झाली असती.

याच परिसरात वेव्हर्ली येथे ११२८ मध्ये बिशप विल्यम गिफर्ड याने ब्रिटनमधील पहिला सिस्टर्शियन मठ स्थापन केला. मठाचे अवशेष वे नदीच्या काठी आहेत. तेथील साधूंनी लिहिलेल्या वार्षिक वृत्तांतात फ्रेन्शॅमचे चर्च १२३९ मध्ये मूळ जागेवरून हलवून सध्याच्या जागी बांधल्याची नोंद आहे.

तांब्याचा हंडा : फ्रेन्शॅम गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये ठोकीव तांब्याचा एक मोठा हंडा तिवईवर ठेवलेला आहे. सतराव्या शतकातील पुराणवस्तुसंग्राहक जॉन ऑब्री (१६२६–९७) याने सरेविषयीच्या लेखनात त्याची कथा दिली आहे. जवळच्या टेकडीवर एक मोठा धोंडा होता. त्यावर टकटक करून हवी ती वस्तू मागितली आणि परत करण्याचा दिवस सांगितला, की ती कधी मिळेल हे आतून आवाज सांगे. वस्तू देणाऱ्या पऱ्या होत्या. बैलजोडी, पैसे, भांडी असे काहीही उसने मिळे. हा हंडा नेणाऱ्याने तो ठरल्या दिवशी परत केला नाही. उशिरा नेला तेव्हा पऱ्यांनी तो घेतला नाही आणि त्यानंतर कोणालाच काही मिळेनासे झाले. महाराष्ट्रात अनेक गावच्या तळ्यांविषयी याच धर्तीची कथा सांगितली जाते : तळ्याच्या काठी प्रार्थना केली की लग्नकार्यासाठी भांडी वर येत. एकाने लोभाने एक भांडे ठेवून घेतले आणि भांडी येणे बंद झाले.

दुसऱ्या पाठानुसार हंडा मदर लड्लम या चांगल्या चेटकिणीचा होता. ती वेव्हर्लीजवळच्या गुहेत राहून लोकांना भांडी उसनी देई. सैतान वेष पालटून हंडा मागायला आला. तिने खुरांच्या ठशांवरून त्याला ओळखले व नकार दिला. त्याने हंडा पळविला आणि ढांगा टाकीत तो निघाला. ज्या ज्या ठिकाणी त्याचे पाय टेकले, तेथे डेव्हिल्स जंप्स या टेकड्या उभ्या राहिल्या. हंडा वाटेत पडला आणि चेटकिणीने तो सुरक्षित राहावा म्हणून चर्चमध्ये ठेवला. हंड्याचा खरा उपयोग गावजेवणात, विशेषतः चर्चच्या उत्सवांत मद्य वा अन्न उकळण्यासाठी होत असावा, असे अभ्यासक मानतात.

गिल्बर्ट व्हाइट आणि शेकाट्या : निसर्गलेखनाच्या इतिहासात हा तलाव एका पत्रामुळे नोंदला गेला. सेल्बर्नचा धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट याने ७ मे १७७९ च्या पत्रात लिहिले आहे, की मागील महिन्याच्या अखेरीस फ्रेन्शॅमच्या तळ्याकाठी सहा शेकाट्यांचा थवा उतरला. त्यांपैकी पाच पक्षी मारण्यात आले. तळ्याच्या राखणदाराने कुतूहल भागल्यावर सहावा तेवढा सोडून दिला. मारलेल्यांतील एक व्हाइटला मिळाला. त्याने त्याचे वजन केले, पाय मोजले आणि अवघ्या सव्वाचार औंसांच्या देहाला इतके लांब पाय कसे, या प्रश्नाचा हिशेबच मांडला. रोहित पक्ष्याला याच प्रमाणात पाय द्यायचे, तर ते १२० इंचांहून अधिक लांब असावे लागतील, असे त्याने काढले. पायाला मागचे बोट नसल्याने पक्ष्याचा तोल सांभाळला जात नसावा, असाही त्याचा तर्क होता. इंग्लंडमध्ये हा पक्षी तेव्हा अत्यंत दुर्मीळ होता. महाराष्ट्रातील पाणथळ जागी तो सहज दिसतो. तळे त्या वेळीही विंचेस्टरच्या बिशपच्याच मालकीचे होते, हे या पत्रावरून कळते. व्हाइटचा पत्रसंग्रह १७८९ च्या सुमारास प्रसिद्ध झाला.

अलीकडील काळ : १ सप्टेंबर १८५९ रोजी सौर प्रज्वाल प्रथम पाहणारा खगोलज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन याने नंतर चर्टजवळ जमीन घेऊन डेव्हिल्स जंप्सपैकी मधल्या टेकडीवर वेधशाळा उभारली. १८७५ मध्ये त्याचे तेथेच निधन झाले. पहिल्या महायुद्धकाळातील पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज यांचेही चर्ट येथे घर होते.

ग्रेट पाँडवर १९१३ मध्ये एका जलविमानाची चाचणी झाली. ब्रिटनमधील ही पहिलीच चाचणी, असे स्थानिक लोक अभिमानाने सांगतात. परंतु विंडरमिअर सरोवरावरून जलविमानाने नोव्हेंबर १९११ मध्येच उड्डाण केले होते. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही तलाव रिकामे करण्यात आले. ऑल्डरशॉटची लष्करी छावणी जवळ असल्याने, चकाकणाऱ्या पाण्यावरून शत्रूच्या वैमानिकांना दिशा कळेल अशी भीती होती. माळावर सैन्याचा सराव चाले. शेजारच्या हँक्ली कॉमनवर कॅनडाच्या सैनिकांनी १९४३ मध्ये जर्मन तटबंदीची काँक्रीटची प्रतिकृती बांधली. फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी ती फोडण्याचा सराव केला जाई. ती भग्नावस्थेत आजही उभी आहे. युद्धानंतर तलाव पुन्हा भरण्यात आले. १९९९ च्या ‘द ममी’ या हॉलिवुडपटातील नाईल नदीच्या काही दृश्यांचे चित्रीकरण येथे झाले.

वनस्पती व प्राणी : हेदरचे तीन प्रकार, गॉर्स, बर्च व स्कॉट्स पाइन या येथील प्रमुख वनस्पती होत. वाळूतील सरडा (सँड लिझर्ड) आणि स्मूथ स्नेक हा बिनविषारी साप हे ब्रिटनमधील दुर्मीळ सरीसृप येथे आहेत. माळावर रातवा, रान-चंडोल व डार्टफर्ड वॉर्बलर, तर काठच्या नळगवतात वटवटे व तुरेवाल्या मोठ्या पाणडुब्या आढळतात. चराई बंद पडल्यावर बर्च व पाइनची रोपे माळ व्यापू लागतात, म्हणून ती उपटावी लागतात. वणवा हा उन्हाळ्यातील मोठा धोका आहे. मे २०२० मध्ये शेजारच्या थर्सली कॉमनचा बराच भाग जळाला.

अर्थव्यवस्था : पर्यटन हा मुख्य व्यवसाय. मासेमारी आता केवळ छंद म्हणून, परवान्याने चालते.

भेट : माळरान नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीचे आहे. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून फार्नहॅमपर्यंत रेल्वेने सुमारे एक तास लागतो. पुढे बस वा टॅक्सी घ्यावी लागते. ग्रेट पाँडमध्ये आखून दिलेल्या भागातच पोहता येते. पाणी उथळ असल्याने लहान मुलांची गर्दी असते. शिडाच्या होड्याही याच तलावात चालतात. लिट्ल पाँडमध्ये पोहू नये. कडक उन्हाळ्यात पाण्यात नीलहरित शैवाल वाढते. ते माणसांना अपायकारक आणि कुत्र्यांना प्राणघातक ठरू शकते, म्हणून अशा वेळी पोहण्यास मनाई करतात. काठावरील सूचनाफलक वाचल्याशिवाय पाण्यात उतरू नये. हेदर फुललेले पाहायचे असल्यास ऑगस्ट महिना उत्तम. सुट्टीच्या दिवशी मात्र गाडी उभी करण्यास जागा मिळणे कठीण असते, त्यामुळे कामाच्या दिवशी सकाळी लवकर जाणे सोयीचे.